कोरा पडदा : संगणकावरील एकाग्र लेखनाचा इतिहास

संगणकाचा पडदा काळा किंवा फिकट पांढरा. वर साधनपट्टी नाही, खाली घड्याळ नाही, कोपऱ्यात टपालाची खूण नाही. मध्यभागी लुकलुकणारा कर्सर आणि आपण टंकत असलेले वाक्य, एवढेच. प्रबंध, शोधनिबंध, कथा किंवा पत्रे लिहिणारे अनेक जण आज अशा सॉफ्टवेअरचा आश्रय घेतात. इंग्रजीत त्याला ‘डिस्ट्रॅक्शन-फ्री’ म्हणतात. मराठीत ‘विक्षेपरहित’ म्हणता येईल. पतंजलीच्या योगसूत्रांत ‘चित्तविक्षेप’ हा शब्द येतो. म्हणजे व्याधी बरीच जुनी आहे, नवे आहे ते उपकरण.

वरकरणी ही एक हौस वाटते. इतिहास तपासला की तिच्यामागे एक गंभीर प्रश्न दिसतो. मजकूर लिहिणे आणि त्याची मांडणी करणे ही एकच क्रिया आहे की दोन वेगळ्या? संगणकविज्ञानाने या प्रश्नाची वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरे दिली. भारतीय भाषांसाठी तर या उत्तरावर आपले लिखाण पुढच्या पिढीला वाचता येणार की नाही, हेच ठरणार होते.

एका वेळी एकच काम

टंकलेखन यंत्राला विक्षेप ठाऊक नव्हता. १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. त्यावर अक्षराचा आकार बदलण्याची सोय नव्हती की दुसरे काही उघडण्याची. चूक मात्र महाग पडे. एक परिच्छेद हलवायचा तर सारे पान पुन्हा टंकावे लागे.

ही अडचण संगणकाने दूर केली. १९७६च्या अखेरीस मायकेल श्रेयर यांनी ‘इलेक्ट्रिक पेन्सिल’ हा घरगुती संगणकांसाठीचा पहिला शब्दसंस्कारक तयार केला. आपल्याच एका प्रणालीची माहितीपुस्तिका त्याच संगणकावर लिहिता यावी, एवढाच त्यांचा मूळ हेतू होता. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच सेमूर रुबिनस्टाइन यांच्या मायक्रोप्रो कंपनीसाठी रॉब बार्नबी यांनी ‘वर्डस्टार’ लिहिले आणि पुढची काही वर्षे या क्षेत्रावर त्याचेच राज्य राहिले.

वर्डस्टारचा पडदा म्हणजे ८० अक्षरांच्या सुमारे २४ ओळी. माउस नव्हता. कर्सर हलवण्यासाठी कंट्रोल कळीबरोबर ई, एस, डी, एक्स या चार कळा वापरायच्या, त्यामुळे हात कळफलकावरून उचलावा लागत नसे. साहाय्यासाठीची सूचनासूची वर दिसे. पण सवय झाली की ती बंद करता येई. १९८०च्या दशकातील ‘वर्डपरफेक्ट’ने हेच तत्त्व पुढे नेले. निळ्या, जवळपास रिकाम्या पडद्यावर तळाशी एक छोटी स्थितिदर्शक ओळ असे, बाकी सारी जागा लेखकाची.

या शांततेचे श्रेय कोणा तत्त्वज्ञाला देण्याचे कारण नाही. तेव्हाच्या सामान्य ८-बिट संगणकाची स्मृती फार तर ६४ किलोबाइट असे आणि तो एका वेळी एकच प्रणाली चालवी. लेखकाला एकाग्रता मिळाली ती यंत्राच्या दारिद्र्यामुळे. यंत्र श्रीमंत झाल्यावर ती टिकणे अवघडच होते.

जे दिसते तेच छापले जाईल

श्रीमंतीची सुरुवात कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात झाली. तेथील ‘आल्टो’ या संगणकासाठी १९७४ साली बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्राव्हो’ तयार केला. ठळक अक्षर पडद्यावर ठळक दिसे, तिरपे तिरपे दिसे. पडद्यावरचे पान आणि छापील पान यांतील अंतर मिटले. सिमोनी १९८१ साली मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. तेथून १९८३ साली ‘वर्ड’ आले, १९८४ साली ॲपलचे मॅकिंटॉश आले आणि काही वर्षांत विंडोज घरोघरी पोहोचले.

यातून झालेला लाभ मोठा होता. छपाईचे ज्ञान नसलेला माणूसही आपले पान स्वतः सजवू लागला. पण लिहिणारा आणि जुळारी या दोन भूमिका एकाच खुर्चीत येऊन बसल्या. वाक्य पुरे होण्याआधी शीर्षकाचा आकार किती ठेवावा, हा प्रश्न समोर येऊ लागला. १९९५च्या आवृत्तीपासून वर्ड टंकता टंकताच चुकीच्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ ओढू लागला. मराठीत लिहिताना पडताळणीची भाषा इंग्रजी राहून गेली, की अख्खे पान लाल होते, हा अनुभव अनेकांचा असेल.

विज्ञानाच्या जगात दुसरी वाटही तयार होत होती. डोनाल्ड क्नुथ यांचे ‘टेक’ आणि त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी उभारलेले ‘लाटेक’ यांत लेखक साध्या अक्षरांत मजकूर लिहितो. ‘हे शीर्षक’, ‘हे समीकरण’ एवढेच सांगतो आणि सजावटीचे काम यंत्रावर सोपवतो. गणित किंवा भौतिकशास्त्रात शोधनिबंध लिहिणारा विद्यार्थी आजही याच वाटेने जातो.

कानपूर ते पुणे : आकार की अक्षर?

हाच प्रश्न भारतात फार मूलभूत पातळीवर उभा राहिला. देवनागरी टंकलेखन यंत्रात कळा थोड्या आणि आकार पुष्कळ. त्यामुळे अर्धी अक्षरे, काना, वेलांट्या असे तुकडे कळांवर बसवले गेले आणि टंकलेखक ते जोडून अक्षर ‘घडवू’ लागला. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून ती आधी टंकायची आणि ‘क’ नंतर. उच्चार मात्र उलट क्रमाने होतो.

आयआयटी कानपूरमध्ये १९७०च्या दशकापासून भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे संशोधन सुरू होते. त्यातून जो विचार पुढे आला तो साधा, पण दूरगामी होता. संगणकाने आकार साठवू नयेत, वर्ण साठवावेत. ‘कि’ म्हणजे आधी ‘क’, मग ‘इ’चे चिन्ह. ‘क्ष’ म्हणजे ‘क’, हलंत आणि ‘ष’. पडद्यावर वेलांटी कोठे काढायची आणि जोडाक्षर कसे दाखवायचे, हे यंत्राने नियमानुसार ठरवावे. या विचारातून ‘जिस्ट’ हे तंत्रज्ञान आकाराला आले. १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाल्यावर मोहन तांबे यांच्यासह हे काम तेथे आले.

जिस्ट कार्ड संगणकात बसवले की वर्डस्टार किंवा डीबेस यांसारख्या इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रणालींमध्येही भारतीय लिपींतून लिहिता येई. वर्डस्टारच्या त्याच साध्या पडद्यावर भारतीय अक्षरे उमटू लागली. सोबत ‘इस्की’ ही संकेतप्रणाली आली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने तिला आयएस १३१९४ हा मानक क्रमांक दिला. ब्राह्मीपासून निघालेल्या दहा लिपींना तिने एकच समान संकेतरचना दिली. देवनागरीतील ‘क’, बंगालीतील ‘क’ आणि तमिळमधील ‘क’ यांचा संकेतांक एकच, फक्त दर्शनाची लिपी बदलायची. इनस्क्रिप्ट कळफलकही याच तत्त्वावर रचला गेला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने आणि सर्व लिपींत त्यांची जागा समान.

लेखन वेगळे, दर्शन वेगळे. विक्षेपरहित सॉफ्टवेअर आज जे तत्त्व सांगते, ते भारतीय संशोधकांनी वर्णाच्या पातळीवर तेव्हाच मांडले होते.

सजावटीची किंमत

१९९०च्या दशकात विंडोज आणि घरगुती छपाईची लाट आली आणि हे तत्त्व मागे पडले. सुंदर फॉन्ट हवे होते आणि ते लगेच हवे होते. अनेक उत्पादकांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट विकले आणि प्रत्येकाची तुकड्यांची जागा वेगळी होती. संगणकाच्या लेखी तो मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ होती. फॉन्ट बदलला की मराठी नाहीशी होई. शोध घेता येत नसे, अकारविल्हे लावता येत नसे, दुसऱ्या कार्यालयात फाइल उघडत नसे.

इस्कीचा वारसा मात्र संपला नाही. १९९१ साली आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत भारतीय लिपींची रचना इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरूनच घेतली होती. विंडोज २०००पासून देवनागरीला थेट संगणकाच्या मूळ प्रणालीत स्थान मिळाले आणि आज मोबाइलवर आपण जे मराठी टंकतो ते वर्णक्रमानेच साठवले जाते. पण मधल्या काळात केवळ दिसण्यासाठी टंकलेली असंख्य पाने आजही परिवर्तकाच्या मदतीशिवाय वाचता येत नाहीत. मांडणीला लेखनापेक्षा वर बसवले की काय गमवावे लागते, याचे याहून ठसठशीत उदाहरण शोधावे लागणार नाही.

कोऱ्या पडद्याचे पुनरागमन

दरम्यान पाश्चात्त्य देशांत वेगळी प्रतिक्रिया उमटत होती. १९९२ साली ॲपलमधून बाहेर पडलेले केतन कोठारी आणि जो बॅरस या अभियंत्यांनी एक कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी ‘अल्फास्मार्ट’ बाजारात आणला. पूर्ण आकाराचा कळफलक आणि चार ओळींची छोटी पट्टी, इतकेच ते यंत्र. ते शाळांसाठी बनवलेले, साध्या बॅटरीवर दीर्घकाळ चालणारे होते. पुढे लेखकांनीही ते आपलेसे केले.

२००६ साली जेसी ग्रोजाँ यांनी मॅकसाठी ‘राइटरूम’ आणले. काळा पडदा, हिरवी अक्षरे, बाकी सारे झाकलेले. जुन्या यंत्राने नाइलाजाने दिलेली शांतता शक्तिशाली यंत्रावर मुद्दाम निर्माण करण्याचा हा प्रयत्न होता. त्याच्या धर्तीवर विंडोज आणि लिनक्ससाठी अनेक प्रणाली निघाल्या. त्यांपैकी ग्रीम गॉट यांचे ‘फोकसरायटर’ मुक्त आणि विनामूल्य आहे. २०१० साली आयपॅडवर आलेल्या ‘आयए रायटर’ने चालू वाक्य सोडून बाकीचा मजकूर अंधुक करण्याची सोय दिली. अखेर वर्डनेही ‘फोकस’ नावाची खिडकी उघडली. कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी तर जाहीरपणे सांगितले आहे, की ते आंतरजालाला न जोडलेल्या डॉस संगणकावर वर्डस्टार ४.०मध्येच लिहितात.

मानसशास्त्राची साक्ष

१९७४ साली ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी कार्यस्मृतीचे प्रारूप मांडले. हाती घेतलेल्या कामासाठी मन जी माहिती तात्पुरती धरून ठेवते, तिची जागा फार मर्यादित असते. १९८१ साली लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी लेखनक्रियेचा अभ्यास करून दाखवले, की आखणी, शब्दांकन आणि पुनरावलोकन या क्रिया एकामागून एक येत नाहीत. त्या सतत एकमेकींत शिरतात. म्हणजे लिहिताना ती मर्यादित जागा आधीच भरलेली असते. त्यात फॉन्टची निवड आणि निरोपाची खूण यांची भर पडते.

२००९ साली सोफी लेरॉय यांनी ‘अवधानाचा अवशेष’ ही कल्पना मांडली. काम बदलले तरी मनाचा काही भाग आधीच्या कामातच रेंगाळतो. २०१५ साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातील प्रयोगात मोबाइलवर सूचना आल्याचे केवळ कळल्यानेही, ती न वाचता, अवधानाच्या कामातील चुका वाढल्याचे आढळले. २००८ साली ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांनी नोंदवले, की व्यत्यय आलेली माणसे काम लवकर संपवतात, पण अधिक ताण आणि वैताग सोसून. याउलट, फोन नुसता टेबलावर असला तरी बुद्धीची क्षमता घटते, हा २०१७चा गाजलेला निष्कर्ष पुढील सर्व प्रयोगांत तसाच टिकला नाही. तेव्हा सरसकट दावे टाळलेलेच बरे.

कोरा पडदा चांगले लेखन देत नाही. चांगल्या लेखनाच्या आड येणारी काही कारणे तो दूर करतो. संदर्भ तपासणे, तक्ते रचणे, सहलेखकाच्या दुरुस्त्या पाहणे या कामांना तो उपयोगी नाही. आंतरजाल सुरू राहिले आणि हाताशी फोन असला, तर झाकलेली साधनपट्टी फारसे काही वाचवत नाही. त्याचा खरा उपयोग पहिल्या मसुद्यापुरता, आणि तेवढा पुरेसा आहे.

म्हणून प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने या इतिहासातून दोन सवयी उचलाव्यात. पहिला मसुदा सजावटीविना पूर्ण करावा. शीर्षके, समास, अक्षराकार नंतर पाहावेत. आणि मजकुराची एक प्रत युनिकोडमधील साध्या मजकुराच्या फाइलमध्ये जपून ठेवावी. सॉफ्टवेअर बदलेल, कंपन्या बंद होतील, फॉन्ट जुने होतील. पण वर्णक्रमाने साठवलेला ‘क’ पन्नास वर्षांनंतरच्या यंत्रालाही ‘क’ म्हणूनच वाचता येण्याची शक्यता सर्वाधिक आहे.

#विज्ञानाचा_इतिहास #भारतीय_भाषा #संगणक