आहे तिथून पुढे

समजा, अहमदपूरच्या एखाद्या शाळेत आपल्याला बारवेच्या दहा पायऱ्यांचा छेद प्रश्नपत्रिकेसाठी काढायचा आहे. आलेखाच्या रीतीने प्रत्येक कोपऱ्याचे निर्देशक आरंभबिंदूपासून द्यावे लागतात. बिंदू २१, आकडे ४२. आकृती थोडी सरकवायची तर सारे आकडे पुन्हा मांडायचे!

गवंडी असे मोजत नाही. आहे तिथून हातभर पुढे, वीतभर खाली, एवढेच तो पाहतो. १९६७ साली मुलांसाठी तयार झालेल्या लोगो भाषेत पुढे आलेले कासव असेच चाले. १९८४ साली अडोबी कंपनीने छपाईसाठी आणलेल्या पोस्टस्क्रिप्ट भाषेत दोन्ही रीती होत्या: ‘लाइनटू’ ही आज्ञा आरंभबिंदूपासून मोजते, ‘आरलाइनटू’ आधीच्या बिंदूपासून. या दुसऱ्या रीतीत आकृती सरकवताना पहिल्या बिंदूचे दोनच आकडे बदलतात.

हीच कल्पना टिल टांटाऊ यांच्या टिक्झमध्ये आहे. लाटेकसोबत ते मोफत मिळते. तेथे निर्देशकांपूर्वी दोन अधिक चिन्हे लिहिली, तर नवा बिंदू पुढच्या मापाचा आधार बनतो. एकच चिन्ह लिहिले, तर आधार जुनाच राहतो आणि पायरीऐवजी तिरकी रेघ उमटते.

मात्र या सोयीची किंमत आहे. एका पायरीचे माप चुकले, की पुढच्या सगळ्या पायऱ्या तेवढ्याच सरकतात. पहिल्या रीतीत एकच कोपरा बिघडतो. वर्गात दोन्ही रीतींनी जिना लिहून घ्यावा आणि मधला एक आकडा मुद्दाम बदलावा. फरक मुलांना लगेच दिसेल.