यहुदी इतिहासाचा अभ्यास : आपल्या मुलांसाठी एक वेगळी वाट



बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून डॉक्टरी, इंजिनिअरिंग आणि आखातातील नोकरी यांचीच चर्चा होते. यहुदी संस्कृती व इतिहास हाही विद्यापीठात शिकण्याचा विषय आहे असे म्हटले, तर अनेकांच्या कपाळाला आठी पडेल. "आपल्या मुलांचा याच्याशी काय संबंध?" असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर इतिहासच देतो.

हजरत झैद बिन साबित (रजि.) यांना यहुदींची लिपी शिकण्याची आज्ञा खुद्द पैगंबरांनी (स.) केली होती, असे हदीसमध्ये नमूद आहे. पुढे 1204 मध्ये काहिरा येथे वारलेला यहुदी वैद्य व तत्त्वज्ञ मूसा बिन मैमून याने आपला 'दलालतुल हाइरीन' हा ग्रंथ अरबी भाषेतच लिहिला. लिपी मात्र हिब्रू.

जीर्ण झालेले पवित्र कागद टाकून न देता जपून ठेवण्याची रीत आपल्याप्रमाणे यहुदींतही आहे. जुन्या काहिऱ्यातील बेन एझ्रा प्रार्थनामंदिरात अशा कागदांची एक कोठडी होती. 1896-97 मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतील सुमारे दोन लाख तुकडे केंब्रिजला नेले. त्यांत धर्मग्रंथांबरोबर व्यापाऱ्यांची पत्रे व हिशेबही निघाले. त्यांवरून गॉइटाइन यांनी 1967 पासून मध्ययुगीन अरब जगाच्या समाजजीवनाचा इतिहास खंडशः प्रसिद्ध केला. बाराव्या शतकात मंगळूरला राहिलेल्या अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याची पत्रेही त्याच कोठडीतली. म्हणजे हा आपल्या किनाऱ्याचाही इतिहास आहे.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल तर मराठीच बोलत. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. प्रार्थनामंदिराला ते 'मशीद' म्हणत. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर 1796 चे. 1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. मागे मराठी कीर्तने, पुस्तके व नियतकालिके राहिली. मराठी, अरबी व हिब्रू या तिन्ही भाषा जाणणारा अभ्यासक किती मोलाचा ठरेल, याचा विचार करा.

मग पुढे काय? अध्यापन, हस्तलिखितांचे संपादन, ग्रंथालय, अभिलेखागार, वस्तुसंग्रहालय, भाषांतर, पत्रकारिता. जागा थोड्या आहेत, हे आम्ही लपवीत नाही. म्हणून आधी इतिहास किंवा अरबी घेऊन बी. ए. करावे, जोडीला ग्रंथालयशास्त्र शिकावे आणि हिब्रूची मुळाक्षरे गिरवावीत. अरबी येणाऱ्यास हिब्रू अवघड जात नाही. 'सलाम' आणि 'शालोम' या सख्ख्या बहिणी आहेत. पुढील शिक्षणासाठी केंब्रिज, ऑक्सफर्ड, प्रिन्स्टन येथे सोय आहे.

पालकहो, आजच्या राजकारणातील दुःखे व संताप खरे आहेत. पण शेजाऱ्याचा इतिहास ऐकीव गोष्टींवरून नव्हे, मूळ कागदांवरून जाणणारी मुले आपल्या समाजात निर्माण झाली, तर समाजाची बाजूही जगापुढे अधिक अधिकाराने मांडली जाईल. मुलामुलींनी ही वाट धरली, तर त्यांना अडवू नका.