बोटांची ओळख

‘कि’ या अक्षरांत पहिली वेलांटी दिसते आधीं, उच्चारली जाते मागाहून. देवनागरी टंकलेखनयंत्र दिसण्याचा क्रम पाळी. म्हणून टंकलेखकाचीं बोटें वेलांटीची कळ आधीं दाबीत. पुढें संगणक आला. १९९१ च्या भारतीय मानकांतील ‘इन्स्क्रिप्ट’ रचनेनें उच्चाराचा क्रम धरला: आधीं क, मग वेलांटी, स्वर डाव्या हाताशीं, व्यंजनें बहुतेक उजव्या. रचना शास्त्रशुद्ध खरी. परंतु यंत्रावर उपजीविका केलेल्या हातांस ती परकी होती. त्यांच्यासाठीं संगणकावरही जुनी ‘रेमिंग्टन’ धर्तीची मांडणी ठेवावी लागली. सवयीस जडत्व म्हणून हिणवणें सोपें आहे. पण ती श्रमानें मिळविलेली विद्याच असते. नवें यंत्र घडविणारानें प्रथम तिचें मोल जाणावें, मग सुधारणेचा आग्रह धरावा.