सेनानीचे सत्य

लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांचे ‘फ्रॉम रेव्हेली टु रिट्रीट’ हे आत्मचरित्र १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. कोल्हापूर भागातील या मराठी सेनानीने ते इंग्रजीत लिहिले. शीर्षकातील दोन्ही शब्द बिगुलाचे: एक पहाटेचा, दुसरा सूर्यास्ताचा. दुसऱ्याचा अर्थ माघार असाही होतो. मराठीत ‘माघार’ म्हणावे तर बिगूल हरपतो, ‘सूर्यास्त’ म्हणावे तर रणभूमी.

युद्धविषयक आपल्या जुन्या गद्यात भयाला स्थान होते. पानिपतातून १७६१ मध्ये जीव घेऊन निघालेल्या नाना फडणिसांनी आपले पलायन लपविले नाही. गोडसे भटजींनी १८५८ ची झाशी एका भेदरलेल्या भिक्षुकाच्या डोळ्यांनी पाहिली आणि पंचवीस वर्षांनी ती लिहून काढली. या दोघांपैकी कोणालाही तेथे हुकूम द्यावयाचा नव्हता. थोरातांनी जानेवारी १९४५ मध्ये आराकान किनाऱ्यावरील कांगाव येथे पंजाब रेजिमेंटची पलटण लढविली. थिमय्या आणि सेन यांच्या पलटणी त्याच ब्रिगेडमध्ये होत्या. ज्याच्या शब्दावर माणसे टेकडी चढली, त्याला मेलेल्यांविषयी लिहिताना भटजींची मोकळीक कोठून असणार?

याहून अवघड प्रकरण १९६२ चे. पूर्व विभागाचे प्रमुख असताना थोरातांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये चिनी आक्रमणाच्या संभवाविषयी टिपण पाठविले. मार्च १९६० मध्ये लखनौस ‘लाल किल्ला’ हा सराव घेतला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते टिपण धुडकावले आणि नेहरूंना ते पराभवानंतरच पाहावयास मिळाले, असे थोरात सांगतात. येथे समीक्षकाने सावध असावे. हरलेला सेनानी सबबी शोधतो, हे सर्वांना ठाऊक आहे. खऱ्या ठरलेल्या सेनानीचा मोह त्याहून सूक्ष्म असतो. टिपणावरची तारीख थोरातांच्या बाजूने साक्ष देते, कारण ती युद्धापूर्वीची आहे. दालनातील संभाषणाला मात्र तारीख असली तरी साक्षीदार नसतो. वाचकाने या दोहोंना एकाच विश्वासाने स्वीकारू नये. त्यामुळे थोरातांची प्रतिष्ठा उणावत नाही.

पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स व भगत यांचा अहवाल १९६३ मध्ये सादर झाला. त्याचा काही भाग नेव्हिल मॅक्सवेल यांनी २०१४ मध्ये उघड केला. सरकारने तो अद्याप प्रसिद्ध केलेला नाही. थोरात १९९२ मध्ये वारले, तेव्हा तो संपूर्णपणे बासनात होता.