जोखमीचा आकडा आणि मनातील भीती : आनुवंशिक समुपदेशनाचा इतिहास

जिची आई आणि मावशी दोघींना स्तनाचा कर्करोग झाला, अशा निरोगी तरुणीला नेमके काय सांगावे? या प्रश्नाचे उत्तर काळानुसार कसे बदलले, ते या पाठात पाहू.

१८६६ मध्ये फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी आपल्या पत्नीच्या घराण्यातील कर्करोगाची वंशावळ प्रसिद्ध केली. आजार पिढ्यानपिढ्या येत होता, पण पुढचा धोका कोणाला, हे ओळखण्याचे साधन नव्हते. १९४७ मध्ये अमेरिकेत शेल्डन रीड यांनी ‘आनुवंशिक समुपदेशन’ ही संज्ञा रूढ केली. सुप्रजननवादी लोकांवर निर्णय लादत. रीड यांची भूमिका वेगळी होती. समुपदेशकाने माहिती द्यावी, निर्णय कुटुंबाने घ्यावा.

१९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनकर्करोगाशी संबंधित जनुक १७व्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. १९९४ मध्ये बीआरसीए-१ आणि १९९५ मध्ये बीआरसीए-२ ही जनुके प्रत्यक्ष हाती आली. आता रक्त तपासून धोका सांगता येऊ लागला. पण तो ऐकणाऱ्या स्त्रीच्या मनाचे काय?

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. भीती वाढली की स्त्री तपासणीला अधिक नियमित येईल, असे आपल्याला वाटते. १९९२ मध्ये कॅथरीन कॅश आणि सहकाऱ्यांना उलटे आढळले : अधिक चिंताग्रस्त स्त्रिया तपासणी टाळत होत्या. म्हणजे भीतीमुळे वेळेवर निदानाची संधीच हुकू शकते. १९९५ मध्ये कॅरिन लर्मन यांच्या गटाने दाखवले की व्यक्तिगत समुपदेशनाने आपल्या धोक्याची समज सुधारते. तरीही अनेक स्त्रिया आपला धोका आहे त्यापेक्षा जास्तच मानत राहिल्या. केवळ आकडा सांगून भीती जात नाही.

चाचणीचा निकाल ऐकून माणसे खचतील, ही शंकाही होती. लर्मन यांच्या १९९६ च्या अभ्यासात सदोष जनुक आढळलेल्यांचे नैराश्य वाढले नाही. ते न आढळलेल्यांचे कमी झाले. १९९८ मध्ये त्यांनी आणखी एक बाब मांडली : आधीच तणावाखाली असून चाचणी नाकारणाऱ्यांमध्ये नैराश्य वाढले होते. अनिश्चिततेचाही भार असतो.

यावरून चाचणीची सक्ती करावी, असा अर्थ काढू नका. निर्णय त्या स्त्रीचाच. मात्र ‘नको’ म्हणून परतणारीलाही समुपदेशकाची गरज असते, हा या इतिहासाचा धडा आहे.