मिठाचा खडा

आजीच्या फडताळात जाड्या मिठाची चिनी मातीची बरणी असायची. "समुद्राचं मीठ ते, त्यात सगळं आलं!" हे तिचं ठरलेलं वाक्य.

२००० साली केंद्र सरकारने बिनआयोडीनच्या मिठावरची बंदी उठवली, तेव्हा मी खूश झालो होतो. दांडीयात्रेच्या देशात मीठ कोणतं खावं हे सरकारने का सांगावं, हा माझा लाडका मुद्दा. वहिनीला तेव्हा दिवस गेले होते. ती आयोडीनवाल्या पुड्यासाठी अडून बसली आणि मी तिची यथेच्छ चेष्टा केली.

पुढे कांगडा खोऱ्याबद्दल वाचलं आणि गप्प झालो.

हिमालयातलं हे देखणं खोरं. बर्फ आणि पावसाने मातीतलं आयोडीन शतकानुशतकं धुऊन नेलेलं. धान्यात नाही, भाजीत नाही, म्हणून माणसांना गलगंड. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीनचं मीठ दिलं, तिसऱ्यात साधं. काही वर्षांत त्या दोन भागांतल्या शाळकरी मुलांमधला गलगंड झपाट्याने घटला, तिसऱ्यात फारसा फरक नाही. मग तिथेही तेच मीठ दिलं गेलं. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

पण गलगंड निदान दिसतो तरी. पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीचे महिने आईच्या थायरॉईडच्या जिवावर होते, आणि थायरॉईडला आयोडीन लागतं. ते फारच कमी पडलं तर मूल मतिमंद किंवा मुकं-बहिरं होऊ शकतं. थोडं कमी पडलं तर मूल चारचौघांसारखंच दिसतं, पण अभ्यासात मागे पडू शकतं. आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो!

लागतं तरी किती? मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईला २५०. गंमत म्हणजे आजीच्या समुद्री मिठात ते जवळजवळ नसतंच. मासळीत असतं, मिठागरातल्या खड्यात नाही.

२००६ मध्ये बंदी पुन्हा आली, तेव्हा मी वाद घातला नाही. निवडीचा हक्क आपला, मान्य. पण त्याची किंमत पोटातलं बाळ मोजणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

असो. बरणी अजून आहे, आता तिच्यात चिंच असते. वहिनी, वाचत असशील तर... तेव्हा तुझंच बरोबर होतं. एवढंच सांगायला हा लेखनप्रपंच.