नथ मोडली, मग विकत घेतली

धार-देवासच्या जुन्या घरांतल्या आठवणी इथे निघतात, म्हणून आमच्या घरातली एक लिहितो.

अठराव्या शतकात पवार माळव्यात आले. धारला एक गादी, देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती. त्यांच्यामागून कारकून, वैद्य, पुराणिक आले. आपली घरं त्यातलीच. तेव्हा पेहरावावरून माणूस ओळखू यायचा. शिंदेशाही पगडी वेगळी, होळकरी वेगळी. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर 1912-13 च्या हिवाळ्यात देवासला आला, तर त्यालाही मेजवानीसाठी मराठी पगडी घातली होती. 1921 मध्ये तो थोरल्या पातीच्या महाराजांचा सेक्रेटरी म्हणून परत आला. थोडक्यात, मराठी दिसणं म्हणजे दरबाराशी नातं दिसणं.

1948 मध्ये संस्थानं मध्य भारतात विलीन झाली आणि 1956 मध्ये मध्य प्रदेश झाला. दरबार गेला, पेहराव तेवढा अंगावर उरला. आता तोच पेहराव आपण मूठभर आहोत हे दाखवायला लागला.

आजी शेवटपर्यंत महेश्वरी लुगडं नऊवारी नेसायची. आत्या मात्र 1968 मध्ये देवासला कॉलेजात जायची. मैत्रिणी हिंदी सिनेमातल्या नट्यांसारखे केस बांधायच्या, आत्याही बांधायची. लग्नात तिने नथ घालायला साफ नकार दिला. "सगळ्या हसतील ना, आई!" आजी काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात सराफाकडे जाऊन तिने ती मोत्यांची नथ मोडली आणि आत्याला बांगड्या केल्या.

मागच्या गणपतीत माझ्या नातीने मोबाईलवरून नथ मागवली. दाबाची, खोट्या मोत्यांची. सोबत चंद्रकोर टिकली आणि शिवलेली नऊवारी. मराठी तिला जेमतेम येते. म्हणाली, "आजोबा, मी तयार होऊन राहिली आहे, फोटो काढा ना." मला हसू आलं, थोडा रागही आला. बाजारातून विकत आणलेलं मराठीपण, असं वाटलं.

तेवढ्यात तिने विचारलं, "आपल्या घरची नथ कशी होती?"

मला सांगता येईना. घरात आजीचा एकच फोटो आहे, त्यात पदर नाकापर्यंत ओढलेला. ऐंशी पार केलेली आत्या कोपऱ्यातून म्हणाली, "मला आठवते." आणि तिने कागदावर काढून दाखवली. काढताना हात थरथरत होता.

तो कागद आता नातीकडे आहे. मंडळी, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या. दागिना परत घडवता येतो, पण तो कसा होता हे सांगणारं माणूस हवं.